डोणीच्या तीस पावलं अलीकडे

इनायतपूर हे गाव औश्याच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून नऊ किलोमीटर आत आहे. आज त्याला गावच म्हणायचं, पण एके काळी ते शहर होतं. चार वेशी, दगडी तट आणि तटाच्या आत दर मोहल्ल्याला एक हौद. हौदांत पाणी यायचं ते तीन मैलांवरच्या तलावातून, जमिनीखालून, खापराच्या नळांतून. त्या सगळ्या वाटेला गाव ‘नहर’ म्हणतं. बहात्तरच्या दुष्काळात तलाव आटला आणि नहर बंद पडली ती पडलीच. पुढं घरोघरी लोखंडी नळ आले, त्यांना आठ-दहा दिवसांनी पाणी येऊ लागलं, आणि पाणी न येण्याच्या दिवशी म्हाताऱ्या माणसांना नहर आठवू लागली.

यंदा नगरपंचायतीनं मनावर घेतलं. बाहेरगावचे लोक यावेत, तलावापासून शेवटच्या टोकापर्यंत नहरीच्या वाटेनं त्यांनी पायी फिरावं, अकरा ठिकाणी माहितीचे बोर्ड वाचावेत, अशी ‘नहर फेरी’ काढायचं ठरलं. वाट शोधून तिचा नकाशा करायचं काम लातूरच्या एका मोजणी कंपनीला मिळालं. कंपनीच्या अमरेशनं ते मनिषा सोनकांबळेला दिलं.

“तुम्हाला तिथं राहायला जमेल मॅडम,” तो म्हणाला. “बाकीच्यांची लेकरंबाळं आहेत.”

तो वाईट बोलला असं नव्हे. होतं ते बोलला. मनिषा छत्तीस वर्षांची होती. चार वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून ती लातूरला एका खोलीत राहायला आली. आई नायगावला होती, ती गेल्या कार्तिकात वारली. भाऊ आनंदराज पुण्याला. घरी वाट पाहणारं कुणी नसल्यामुळे बाहेरगावची कामं आपोआप तिच्याकडं यायची, आणि तीही न बोलता घ्यायची.

इनायतपुरात तिनं आधी एक खोली पाहिली. घर एका मास्तरांचं होतं, खोली हवेशीर होती. मास्तरांच्या बायकोनं, उज्वलाबाईंनी, तिला पाणी दिलं, खिडकी उघडून दाखवली आणि जाताजाता आडनाव विचारलं. मनिषानं सांगितलं.

“बरं बरं,” उज्वलाबाई म्हणाल्या. “ह्यांना विचारून कळवते.”

फोन आला नाही. मनिषानं दुपारपर्यंत वाट पाहिली आणि मग स्टँडसमोरच्या लॉजवर सामान टाकलं. खाली खानावळ होती. तिथं ती भिंतीकडं तोंड करून जेवायची, म्हणजे कुणाच्या नजरेला नजर द्यायला लागू नये. संध्याकाळी साडेसहाला हात उगीच फोनकडं जायचा. आई त्या वेळेला फोन करायची.

नगरपंचायतीच्या कारकुनानं तिला एक नाव दिलं होतं, लालमहंमद. नहर चालू होती तेव्हा तिची देखभाल करणाऱ्या घरातला शेवटचा माणूस. मशिदीजवळ नातवाचं पंक्चरचं दुकान होतं, त्यासमोर खुर्ची टाकून ते बसलेले असायचे. वय अठ्ठ्याहत्तर. डोळ्यांत मोतीबिंदू, हातात बांबूची काठी.

“वाट दावतो की,” ते म्हणाले. “डोळ्याला कमी दिसतं, पर ही वाट पायाला पाठ हाय. तुमी निस्तं संगं चाला.”

दुसऱ्या दिवसापासून दोघं सकाळी आठला निघू लागले. नहरीवर थोड्या थोड्या अंतरानं दगडी मनोरे आहेत, पुरुषभर उंचीचे. नळातल्या पाण्याचा दाब तिथं हलका व्हायचा, म्हणून त्यांना उसासे म्हणतात. एका उसाशापासून दुसऱ्यापर्यंत लालमहंमद पावलं मोजत जायचे. मधेच थांबून काठी आपटायचे. “हितं सांधा हाय,” म्हणायचे. मनिषा यंत्रात जागा नोंदवायची, दगडावर पिवळ्या रंगाची खूण करायची. बोलणं तेवढंच. दुपारी एखाद्या लिंबाखाली बसून ती डबा खायची आणि ते जरा लांब बसून खिशातली केळी खायचे. तिला ते सोबत असणं आवडू लागलं होतं. कित्येक महिन्यांत कुणी तिच्या चालीनं चाललं नव्हतं.

तटाच्या आत शिरल्यावर काम अवघड झालं. नहर आता लोकांच्या घराखाली गेली होती. दार वाजवायचं, कशासाठी आलो ते सांगायचं, आत जाऊ देतील तेवढं जायचं. एका घरात हौदात सरपण भरलेलं होतं. एकात शेळ्या बांधल्या होत्या. वहिदा नावाच्या शिलाईकाम करणाऱ्या बाईनं पलंग सरकवला, गादी उचलली आणि फरशीतली लोखंडी कडी दाखवली. “ह्याच्याखाली. माज्या लग्नाला तीस वर्षं झाली, मी एकदाच उघडलेलं पाहिलं,” ती म्हणाली. मग तिनं कडी पुन्हा झाकली, आणि दोघी थोडा वेळ त्या पलंगाकडं बघत उभ्या राहिल्या. अशी घरं मनिषा रोज बघायची. काम झालं की लोक दारापर्यंत पोचवायचे आणि दार लावून घ्यायचे. आत लगेच भांड्यांचे, बोलण्याचे आवाज सुरू व्हायचे. रस्त्यावर उभं राहून ती टेप गुंडाळायची.

सातव्या दिवशी दोघं पूर्वेच्या वेशीबाहेर आले. तिथं रस्त्याच्या कडेला काळ्या दगडाची लांबलचक डोण आहे. बाजाराच्या दिवशी जनावरं पाणी प्यायची ती.

“हितं संपली नहर,” लालमहंमद म्हणाले आणि डोणीच्या काठावर टेकले. “अकरावा थांबा. झालं तुमचं काम.”

मनिषानं खूण केली. मग तिचं लक्ष डोणीच्या मागं, उताराकडं गेलं. फेब्रुवारीचं ऊन, सगळीकडं गवत वाळून कोळ झालेलं, आणि त्या उतारावर मात्र वरून खाली एक गर्द पट्टा. करंजी होती, घाणेरी होती, एक उंबर होता. उताराच्या पायथ्याशी पत्र्याची आणि स्लॅबची घरं दिसत होती, त्यांच्यामधे निळा झेंडा.

“चाचा, तिथं पाणी कुठून मुरतंय?”

लालमहंमद काठीनं मातीत रेघा ओढत राहिले.

“डोणीच्या तीस पावलं अलीकडं एक सांधा हाय,” ते शेवटी म्हणाले. “नहर बंद हाय, तरी पावसाचं मुरलेलं पाणी अजून नळात उतरतं, आन् थितून पाझरतं. तो सांधा आमचे अब्बा जाणून ढिला ठेवायचे. दरसाल दिवाळीनंतर समदी नहर उघडायची, सांध्यात चुना अन् ताग भरायचा. तो एक सांधा भरायचा न्हाई. खालच्या वस्तीला हौदावर यायची मुभा नव्हती. डोणीवर जनावर पाणी पेनार, पर त्या मानसांनी हात लावायचा न्हाई. म्हनून अब्बा तसं करायचे. कुणाला सांगितलं न्हाई कधी. आज तुमाला सांगून ऱ्हायलो.”

मनिषाची आई लहानपणी नायगावला पाटलाच्या विहिरीवर जाऊन तासन्‌तास बसायची, कुणीतरी वरून घागरीत ओतावं म्हणून. ते आईनं एकदाच सांगितलं होतं, भाकरी थापता थापता.

“खाली जाऊन बघू या?” तिनं विचारलं.

“तुमी जावा. माझे गुडघे उतरू देनार न्हाईत.” आणि थोडं थांबून म्हणाले, “मी कधी गेलो न्हाई तिकडं.”

ती एकटीच उतरली. पायथ्याला एक झिरा होता, दगडानं बांधलेला खड्डा, कमरेएवढा खोल. त्यात वीतभर पाणी होतं, स्वच्छ, तळाचे खडे दिसतील असं. शेजारच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती.

“जय भीम, आजी.”

“जय भीम. कोन गं तू? कागद घेऊन आलीस म्हंजे घरकुलाची का?”

“न्हाई. नहर मोजायला आले. सोनकांबळे. नायगावची.”

“मंग आपलीच की,” म्हातारी म्हणाली आणि शेंगांचं सूप तिच्याकडं सरकवलं. “बस.”

तिचं नाव चांगुणाबाई. बारा वर्षांची असताना लग्न होऊन ती ह्या वस्तीत आली, आता ऐंशी ओलांडली होती. मनिषा तिच्याशेजारी बसून शेंगा फोडू लागली. सात दिवसांत कुणी तिला पहिल्यांदाच बस म्हटलं होतं. बोलता बोलता तिनं ऐकलेली गोष्ट सांगितली. नहरवाल्यानं ढिला ठेवलेला सांधा, आणि त्यातून आलेलं हे पाणी.

चांगुणाबाईचे हात थांबले.

“कोन म्हनलं असं?”

“लालमहंमदचाचा.”

“कुनी ढिला ठेवला न्हाई,” म्हातारी म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण प्रत्येक शब्द वेगळा पडत होता. “माज्या सासूनं फोडला. गयाबाईनं. पहार घेऊन गेली, माती उकरली आन् नळाला भोसका पाडला. मी आले तवा त्याला चार-दोन वर्सं झाली असतील. मंग आमी बाया पाळीपाळीनं जायचो. दोघी वर हुभ्या ऱ्हायच्या रस्त्याकडं बघत, एक भरायची. कुनी दिसलं की पळायचं. आमी फोडलं ते. कुनी दिलं न्हाई आमाला.”

म्हातारी पुन्हा शेंगा फोडू लागली.

दुसऱ्या दिवशी मनिषानं दोन मजूर घेतले आणि ते तीस पावलांवरचं ठिकाण उकरायला लावलं. कंपनीच्या कामात ते नव्हतं. लालमहंमद डोणीवर येऊन बसले होते. मनिषा खाली गेली, चांगुणाबाईला हाताला धरून वर घेऊन आली. म्हातारी उतार चढताना एकदाही थांबली नाही. वर आल्यावर दोघं म्हातारी एकमेकांकडं न बघता दोन दगडांवर बसली. एका गावात सत्तर वर्षं राहून त्यांचं कधी बोलणं झालेलं नव्हतं.

“तुमी म्हनता तुमच्या बापानं सांधा ढिला ठेवला,” चांगुणाबाईनं सुरुवात केली, मजुरांकडं बघत.

“हाव.”

“मंग आमच्या सासूची पहार कशाला वाकली?”

“बाई, तुमी फोडलं असंल तर अब्बानी दुसऱ्याच साली बुजवलं असतं. दरसाल नळ तपासायचा असतो. का न्हाई बुजवलं?”

“ते तुमचं तुमाला ठावं. दिसलंच नसंल.”

“अब्बाला दिसलं न्हाई असं या नहरीत काई नव्हतं.”

“आन् ठेवलंच व्हतं ढिलं, तर आमी भीत भीत का जायचो?”

तेवढ्यात मजुरानं हाक मारली. नळ लागला होता.

मनिषा खड्ड्यात उतरली. हातानं माती बाजूला केली, पाण्यानं नळ धुतला. खापराचा नळ, मांडीएवढा जाड. उताराकडच्या बाजूला भोक होतं. ओबडधोबड, आत दाबलं गेलेलं, एका घावाचं नव्हे तर चार-पाच घावांचं. ते सांधा ढिला ठेवल्यानं झालेलं नव्हतंच. सांधा पुढं दीड हातावर होता आणि गच्च भरलेला होता. मनिषानं वर चांगुणाबाईकडं बघितलं. पण मग तिचं बोट भोकाच्या कडेवरून फिरलं. कडा धारदार नव्हत्या. भोकाभोवती बोटभर जाडीचा पांढरा चुना लावलेला होता, नीट, गोल, ओल्या बोटानं गुळगुळीत केलेला, नळ आणखी तडकू नये आणि धार सरळ पडावी असा. चुन्यात तागाचे धागे होते. खालच्या बाजूला एक चपटा दगड बसवला होता, पाणी उताराकडंच जावं म्हणून.

“चाचा, इकडं या,” ती म्हणाली.

गुडघ्यांचं नाव सांगणारे लालमहंमद मजुराच्या खांद्याला धरून खड्ड्याच्या काठावर आले, पोटावर झोपले आणि हात आत घालून चाचपू लागले. बराच वेळ त्यांची बोटं त्या गोल कडेवर फिरत होती.

“अब्बाचा हात हाय,” ते म्हणाले. “शेवटाला अंगठा असाच दाबायचे.”

मग चांगुणाबाईही वाकून पाहून गेली. तिला फोडलेलंही दिसलं आणि बांधलेलंही दिसलं. दगडावर परत जाऊन ती बसली, पदरानं तोंड पुसलं.

“धार एका वर्सी नीट पडाया लागली व्हती,” ती हळू म्हणाली. “आदी समदं चिखल व्हायचा. आमी म्हनायचो, आपसूक झालं.”

मजूर फावडी टेकून उभे होते.

“दिसलं व्हतं तर मग,” चांगुणाबाई म्हणाली. “दिसलं आन् नीट बी केलं. चांगलं केलं. पर आमाला का न्हाई कळू दिलं? एक शबुद सांगायचा व्हता. घाबरू नका, भरा पाणी. मी सोळा-सतरा वर्सं थितं जीव मुठीत धरून बसले. एक पोटुशी बाई पळताना पडली, पोट पडलं तिचं. कुनीतरी आपल्या बाजूनं हाय, येवढं कळलं असतं तर...”

तिनं पुढचं सोडून दिलं, उठली आणि कुणाचा हात न घेता उतार उतरून गेली. लालमहंमद तसेच पालथे पडून होते. मनिषानं आणि मजुरानं त्यांना उठवलं. त्या दिवशी घरापर्यंत त्यांनी पावलं मोजली नाहीत.

संध्याकाळी मनिषा लॉजच्या खोलीत पलंगावर बसली. तिला आई आठवत होती. नवऱ्याचं घर सोडल्यावर चार वर्षं आईनं रोज साडेसहाला फोन केला आणि रोज तेच बोलली. काय केलंस जेवायला, इकडं वांगी लई स्वस्त झालीत, शेजारणीच्या सुनेला मुलगी झाली. का सोडलंस, पुढं काय, हे एकदाही विचारलं नाही. मनिषाला वाटायचं, आईला लाज वाटते आपली, म्हणून ती तो विषय टाळते. ती स्वतःही मग तुटक बोलायची, काम आहे म्हणून फोन ठेवायची. आता तिला वाटलं, आई कदाचित रोज, न सांगता, फुटक्या कडेला चुना लिंपत होती. कदाचित. विचारायला आता कुणी नव्हतं.

तिनं आनंदराजला फोन लावला. त्याला नहरीचं, भोकाचं, चुन्याचं सगळं सांगितलं. तो मीटिंगमधून बाहेर आला होता.

“भारी आहे,” तो म्हणाला. “फोटो पाठव. आणि ताई, तू असल्या गावांत किती दिवस फिरणार? पुण्याला ये ना.”

“येते,” ती म्हणाली. दोघांनाही ठाऊक होतं की ती येणार नाही. तिला विचारायचं होतं, आई तुझ्याजवळ माझ्याबद्दल कधी काही बोलली का. पण पलीकडं कुणीतरी त्याला हाक मारली.

दहाव्या दिवशी लालमहंमद स्वतःहून लॉजवर आले. वर चढता येईना, म्हणून खानावळीच्या बाकावर बसले. मनिषानं चहा सांगितला. त्यांनी तो निवू दिला.

“बेटा, मी खोटं बोललो न्हाई,” ते म्हणाले. “अब्बानीच मला सांगितलं व्हतं, सांधा ढिला ठेवतो म्हनून. फोडलेलं हाय हे त्यांनी मलाबी सांगितलं न्हाई. फोडलं म्हनलं असतं तर कोनी फोडलं ते इचारलं गेलं असतं. सरकारी काम व्हतं. त्या बायांना मारलं असतं.”

“कळलं, चाचा.”

“पर एक गोष्ट मला ठावं व्हती. मी पंधरा-सोळाचा असंल. अब्बासंगं चाललो व्हतो. एक पोरसवदा सून थितं घागर धरून बसलेली. आमाला बघून घागर टाकून पळाली. घागर गडगडत खाली गेली. अब्बा म्हनले, पुढं चल, तिकडं बघू नको. मी बघितलं न्हाई. उमरभर तिकडं बघितलं न्हाई. मला वाटायचं, न बघनं हीच मदत हाय.” त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. “तीच का ती बाई, ते मला दिसत न्हाई आता. आवाज तर मी तवा ऐकलाच नव्हता.”

“मग त्यांना विचारा की जाऊन.”

ते उठले. “बघू,” म्हणाले.

अकराव्या दिवशी मनिषा लातूरला परतली आणि अहवाल लिहायला बसली. तिनं अकरा थांब्यांची माहिती लिहिली आणि मग बारावा थांबा लिहिला. गयाबाईनं पहारीनं फोडलेला नळ. नहरवाल्यानं त्याला लावलेला चुना. ते कुणी कुणाला सांगितलं नाही हेही लिहिलं. खालच्या झिऱ्याचा आणि चांगुणाबाईच्या ओट्याचा फोटो जोडला.

अमरेशनं सगळं नीट वाचलं. तो चांगला माणूस होता.

“मॅडम, हे फार छान आहे,” तो म्हणाला. “पण त्यांनी अकरा बोर्ड सांगितलेत. आणि तिकडं उतरायला रस्ता नाही, पायऱ्या नाहीत. कुणी पडलं तर? शिवाय जुनी गोष्ट आहे, कुणाला तरी लागेल.”

“लागू दे की.”

“आपण अहवालात ठेवू. बोर्डाचं त्यांचं ते बघतील.”

अहवालात ते राहिलं. बोर्ड अकराच झाले.

मार्चच्या शेवटच्या रविवारी फेरीचं उद्घाटन होतं. मनिषाला बोलावणं नव्हतं, पण ती पहिल्या एसटीनं गेली. तलावावर मंडप होता. पांढऱ्या टोप्या वाटल्या. सत्तर-ऐंशी माणसं होती, लातूरचे डॉक्टर, नांदेडहून आलेला निवृत्त प्राध्यापकांचा एक गट, कॉलेजची मुलंमुली. एक उत्साही तरुण पुढं चालत माहिती सांगत होता, ती सगळी मनिषाच्या अहवालातली होती, तिच्याच शब्दांत. दोन ठिकाणी त्यानं अंतर चुकीचं सांगितलं. ती शेवटच्या रांगेत चालत होती. तिच्या पिवळ्या खुणांवर आता निळे बोर्ड उभे होते. शेजारच्या एका बाईंनी तिला विचारलं, “तुम्ही पहिल्यांदाच आलात का इकडं?” ती हो म्हणाली. सांगायला गेलं तर लांबलं असतं.

वहिदानं तिला गर्दीत ओळखलं. खिडकीतून हात केला, पण तोवर रांग पुढं सरकली होती.

डोणीपाशी फेरी संपली. टाळ्या झाल्या, पोहे आणि चहा झाला, गाड्या आल्या. अर्ध्या तासात तिथं कागदाच्या प्लेटांखेरीज कुणी उरलं नाही. मनिषा तीस पावलं मागं गेली. खड्डा तिनंच बुजवून घेतला होता. आता तिथं नुसती माती दिसत होती. ती उतार उतरून खाली गेली.

चांगुणाबाई ओट्यावर होती. चूल पेटवून तिनं काळा चहा ठेवला.

“किती मानसं आल्ती?”

“सत्तर-ऐंशी.”

“हिकडं कुनी उतरलं का?”

“न्हाई.”

म्हातारीनं मान हलवली. तिला त्याचं काही नवल वाटलेलं दिसलं नाही.

“त्यो म्हातारा येऊन गेला,” ती म्हणाली. “काठी टेकत, दोनदा बसत बसत आला. ऊन लई व्हतं. म्या पानी दिलं.”

“काय म्हणाले?”

“पानी पिला, मंग इचारलं, घागर फुटली व्हती का म्हनून.”

“मग?”

“म्या म्हनलं, पितळंची व्हती, पोचा आला. सासूनं मारलं त्यापायी.” चांगुणाबाईनं चहा गाळला. “मंग रडला जरा. म्या कशाला समजूत काढू? बसू दिलं. उनं उतरल्यावर गेला.”

“परत येणार का?”

“काय म्हाईत. येईल बी. न्हाई बी.”

दोघी चहा प्याल्या. झिऱ्यातलं पाणी आता आणखी खाली गेलं होतं, तळाला नुसती ओल उरली होती. चांगुणाबाई म्हणाली, बोअरचं पाणी आल्यापासून कुणी भरत नाही, पाखरं येतात तेवढी. मग ती दमली आणि ओट्यावरच आडवी झाली. तिला झोप लागल्यावर मनिषानं दोन्ही कप विसळून पालथे घातले.

साडेतीनची एसटी होती. ती गावातून न जाता तटाच्या बाहेरून स्टँडवर गेली. गाडी रिकामीच होती. खिडकीपाशी बसून तिनं मोबाइल काढला. अमरेशचा निरोप आला होता. मंगळवारी हिमायतनगरला निघायचं, तिथं एका पाझर तलावाची मोजणी होती, बारा-तेरा दिवस राहावं लागेल, जमेल ना. तिनं जमेल असं लिहिलं. गाडी मोठ्या रस्त्याला लागली तेव्हा ऊन अजून कडक होतं, आणि औश्यापर्यंत तिच्या शेजारी कुणी बसलं नाही.